दाब, धर, सोड

७ जून, शनिवार

झिपटाय! पुढच्या ब्रेकचा होज विल्फने चक्क प्लास्टिकच्या झिपटायने बांधून टाकलाय – आणि वर बाजूला उभा राहून कौतुकाची वाट बघतोय.

आईने बोलावलं म्हणून गेले. ‘विल्फ ब्रेक स्वतः बसवतोय. तू जरा नजर टाक ना. तुझं कामच आहे ते.’ आहे खरं. आठवडाभर कारखान्यात खोदकामाच्या यंत्रांचे होज – ऑइलच्या लवचीक नळ्या – फुटेपर्यंत दाब देऊन बघायचे आणि शनिवारी घरी येऊन पुन्हा होज!

सुट्या भागांची खोकी मागवायची आणि गाडी घरीच जोडायची, हा आजार आमच्याकडच्या निवृत्त पुरुषांना होतोच. काहींना कबुतरांचा होतो. विल्फची खोकी गेल्या वर्षी आली आणि आईच्या गॅरेजमध्ये पसरली, कारण त्याच्या फ्लॅटला गॅरेज नाही. गाडी बिनछपराची, लांब नाकाची, दोन माणसांची. रंग हिरवा ठरलाय.

१३ सप्टेंबरला दोघांचं लग्न. आई याच गाडीत बसून लग्नाला जाणार. म्हणजे हे ब्रेक विल्फचे नाहीत, आईचे आहेत. तसं लक्षात आलं आणि मी दोन्ही होज सोडवून टेबलावर ठेवले.

‘अगं, छान बसले होते!’ विल्फ.

‘छान बसलेत. चुकीच्या जागी.’

‘बरं, इमी.’

‘इमोजेन.’

‘बरं, इमोजेन.’ आणि चहा टाकायला गेला. रागावत नाही हा माणूस. अवघड होऊन बसतं.

१४ जून, शनिवार

पुढच्या स्प्रिंगा काढल्या. स्प्रिंग नसली की चाक जॅकने हवं तितकं वरखाली करता येतं. चाक पूर्ण खाली लोंबकळतं तेव्हा होज ताणला जाता कामा नये, पूर्ण वर दबतं तेव्हा कशाला घासता कामा नये – आणि हे स्टीअरिंग डावीकडे पूर्ण वळवून, मग उजवीकडे पूर्ण वळवून बघायचं. विल्फने फक्त गाडी स्टँडवर असताना, चाकं लोंबत असताना बघितलं होतं. घरी गाडी जोडणारे सगळे हेच करतात. त्यांची गाडी वर्षानुवर्षं स्टँडवरच असते, त्यामुळे ती कधी जमिनीवर येणार आहे हेच विसरतात.

मी जॅकवर, विल्फ स्टीअरिंगवर. ‘डावीकडे पूर्ण!’ म्हटलं की बसच्या ड्रायव्हरसारखा ओरडतो, ‘पुढे सरका, पुढे सरका!’ दोनदा हसू आलं. दाखवलं नाही.

चाक वर आणि उजवीकडे पूर्ण – होज टायरला लागला. नुसता टेकून नव्हे, चांगला दडपून.

‘पण इतकं वळवून, वर इतकी दबलेली गाडी कोण चालवतं?’

‘आईच्या दारातून मागे निघताना, उतारावर, फुटपाथची कड उतरताना – तुम्ही. रोज.’

त्याने दाराबाहेर बघितलं. मग म्हणाला, ‘खरंय. इथली कड उंच आहे.’

हे होज वरून तारेने विणलेले असतात. दिसायला देखणे, पण ती वीण म्हणजे गोल करवत. जिथे घासेल तिथे कापत जाते – टायर, पत्रा, शेवटी स्वतःलाच.

आणखी एक चूक सापडली. पेडल फार जवळ बसवलेत. सहा फूट दोन इंचांचा माणूस आणि गुडघे स्टीअरिंगला टेकतात! फेब्रुवारीत नुसता सांगाडा होता तेव्हा त्याने मला सीटवर बसवलं होतं, माझ्या टाचांमागे खडूने रेघही मारली होती. ‘सीटची उंची बघतोय,’ म्हणाला होता. उंची बघितली आणि लांबी विसरला! सांगितलं, तर म्हणे, ‘असू दे, ते बघू नंतर.’ ब्रेक झाले की ते करायला लावणार.

१५ जून

आईने आज परत तो विषय काढला नाही. नाताळात एकदाच काढला होता – ‘त्या दिवशी मला हाताला धरून आत नेशील?’ मी म्हटलं, येईन, मागच्या रांगेत बसेन, बाकी कोणालातरी सांग. ती ‘बरं’ म्हणाली आणि भांडी विसळायला लागली. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. मला लग्नाबद्दल काही म्हणायचं नाही. मला फक्त त्यात उभं राहायचं नाही.

१९ जून, गुरुवार

विल्फने त्याच्या गाडी जोडणाऱ्यांच्या क्लबात ओढून नेलं. महिन्यातून एकदा पबच्या मागच्या खोलीत जमतात. अकरा पुरुष, माझ्यासमोर अकरा मतं. तीही सगळी एकाच वेळी.

‘होज पुढून ने, पोरी. माझा पुढूनच आहे.’

‘तुझी गाडी चालते कुठे? गेली चार वर्षं ताडपत्रीखाली आहे!’

‘ताडपत्रीखाली तर एकदाही ब्रेक फेल झाला नाही!’

टेरेन्स त्यातल्या त्यात शहाणा. जिराफासारखा उंच, बोलायच्या आधी ग्लास खाली ठेवतो. त्याने एकच विचारलं, ‘होजचं वरचं टोक धरणारी पट्टी चॅसिसवर आहे तिथेच ठेवणार, की हलवणार?’ हलवणार म्हटलं. ‘मग बरोबर,’ म्हणाला आणि ग्लास उचलला.

त्यांची एक सामायिक पेटीही पाहिली. सरकारी तपासणीत धारदार कड दिसली की नापास. म्हणून रबरी पट्ट्या, मोठाले आरसे, उशीसारखं जाड स्टीअरिंग असं सगळं एका पेटीत ठेवलंय. ज्याची तपासणी असेल त्याच्या घरी पेटी जाते. पास झालं की सगळं उतरवून पुढच्याकडे! तपासनिसालाही ते स्टीअरिंग आता ओळखू येत असेल. आमची पाळी ऑगस्टमध्ये. जाड स्टीअरिंग आमच्याकडे आधीच आलंय, कारण विल्फचं स्वतःचं अजून यायचंय.

परत येताना विल्फ बस स्टॉपवर उतरला. घरी सोडते म्हटलं, तर खिशातून पास काढून नाचवला. ‘फुकट आहे! या वयाला सरकार एवढी एकच गोष्ट देतं, ती सोडू?’

चिक्कू.

२१ जून, शनिवार

पोलादाची छोटी पट्टी कापली, वाकवली, कडा घासून गोल केल्या. होजचं वरचं टोक आता मागे आणि जरा वर. विल्फने पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली, म्हणाला, ‘दागिना आहे हा!’ अतिशयोक्ती. पण हात मात्र त्याचे चांगले आहेत. भोक त्यानेच पाडलं, एका दमात, नेमकं.

मग ब्रेकची डिस्क हातातून सुटली ती थेट त्याच्या उजव्या पायावर! मी किंचाळले. तो – हूं की चूं नाही. खाली बघून म्हणाला, ‘बूट चांगले आहेत.’ मग डिस्कला काही झालं नाही ना, ते बघत बसला.

आईने बेदाणे भरलेले गोड एकल्स केक आणले होते. दोन मला दिले, विल्फला एकही नाही. ‘वजन,’ म्हणाली. तो वाळलेल्या बोंबलासारखा आहे! प्रेमात माणसं काहीही बोलतात.

२८ जून

दोन्ही होज बसले. होजवर लांबीभर छापलेली ओळ टोकापासून टोकापर्यंत सरळ. म्हणजे पीळ नाही. चाक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे – कुठे लागत नाही, कुठे ताणत नाही. समाधान.

५ जुलै, शनिवार

ब्रेकमधली हवा काढायला घेतली. याला दोघं लागतात. एकाने पेडलवर, एकाने चाकाशी पाना घेऊन. दाब – धर – मी निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करते, ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर – घट्ट करते – सोड. सोडायचं ते निपल बंद झाल्यावरच, नाहीतर हवा उलटी आत.

विल्फ पेडलवर.

‘दाबा.’

‘दाबलं!’

‘धरा.’

‘धरलंय!’

‘सोडा.’

‘सोडलं, कप्तान!’

गंमत अशी, की आमचं इतकं सुरळीत संभाषण आजवर कधी झालं नव्हतं. दुपारभर हेच तीन शब्द. त्याच्याशी यापुढे असंच बोलावं असा विचार आला.

पण पेडल मऊ. उशी दाबल्यासारखं. बुडबुडे थांबतच नाहीत.

१२ जुलै, शनिवार

तांब्याचे वॉशर सगळे नवे घातले. जोड कोरडे, कुठे थेंब नाही. पुन्हा दाबा-धरा-सोडा. पुन्हा बुडबुडे. विल्फ म्हणे, गुडघा स्टीअरिंगला अडतो, त्यामुळे पाय हलत असेल. शक्य आहे. जाड स्टीअरिंग काढलं. तरीही तेच.

टेरेन्सला फोन केला. ‘निपल वरच्या बाजूला आहे ना? चाकांवरचे कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल झाले की निपल खाली जातं, हवा वर अडकते. आमच्या क्लबात निम्म्यांनी केलंय ते.’ वरच आहे. मला काय क्लबातली समजला?

आई खिडकीतून, ‘झालं का गं?’

‘जवळजवळ.’

झालं नव्हतं. असं उत्तर मी कारखान्यात कधी देत नाही.

१६ जुलै

दोन्ही होज परत काढून कारखान्यात दाबाला लावले. निर्दोष. फुगतही नाहीत. मग हवा येते कुठून?

१९ जुलै, शनिवार

लिहून ठेवते, जसं पाहिलं तसं.

होज परत लावून डाव्या चाकाशी बसले होते. गाडीचा बाजूचा पत्रा अजून लागलेला नाही, त्यामुळे चाकामागून, नळ्यांच्या मधून, पेडलांची जागा दिसते. आजवर तिकडे बघायचं कारण नव्हतं. नजर निपलवर असते.

‘दाबा.’

‘दाबलं!’

‘धरा.’

‘धरलंय!’

निपल सैल केलं. बुडबुडा. आणि मी वर बघितलं.

विल्फचा उजवा बूट पेडलवर नव्हता. पेडलवरून घसरून बाजूला, तळाच्या पत्र्यावर होता. पत्रा दाबत होता – सगळा जोर लावून. गुडघा थरथरत होता. आणि वरून त्याचा आवाज, खणखणीत, ‘धरलंय! धरलंय मी!’

खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की धरलंय.

मी निपल बंद केलं. ‘सोडा,’ म्हटलं. तो म्हणाला, ‘सोडलं, कप्तान!’

आज बास, म्हटलं. माझी पाठ दुखतेय. पाठ दुखत नव्हती. निघताना दोन्ही होज मात्र सोडवून बरोबर घेतले.

२० जुलै

आईला फोन केला. तिच्या वाटाण्याच्या वेलांबद्दल बोललो.

२३ जुलै

बसचा पास. बूट चांगले आहेत. केक नाही. सगळं समोर होतं आणि मी दोन आठवडे तांब्याच्या वॉशरवर संशय घेतला!

हा माणूस आईला शेजारी बसवून तो उतार उतरणार आहे. नाही. गाडी गॅरेजमधून हलणार नाही. होज माझ्याकडे आहेत, परत लावणारच नाही. झालं.

२६ जुलै, शनिवार

आई बाजारात गेल्याचं बघून गेले. विल्फ कोपऱ्यात आरसे पुसत होता. मी बसलेसुद्धा नाही.

‘उजव्या पायाला कळतं का?’

त्याने आरसा खाली ठेवला. फार वेळ नाही घेतला. ‘घोट्याच्या खाली नाही. साखरेमुळे. डाव्याला थोडं कळतं.’ मग म्हणाला, ‘कसं कळलं तुला?’

‘तुम्ही पत्रा दाबत होता.’

‘कधी?’

‘सगळ्या वेळी.’

त्याचा चेहरा पडला. पाय बधिर आहे हे त्याला माहीत होतं. पण तीन शनिवार ‘धरलंय’ म्हणून ओरडताना काहीच धरलेलं नव्हतं, हे माहीत नव्हतं. मला ते सांगायला नको होतं असं वाटलं. पण मोजमाप ते मोजमाप.

‘आईला माहीत आहे?’

‘ग्लेनिसला? तीच तर मला दवाखान्यात घेऊन गेली. लायसन्स मी जानेवारीतच परत पाठवलं.’

जानेवारीत! मी चिडले. आवाज चढला, मला आवडत नाही तो तसा. ‘मग ही गाडी कशाला बांधताय? कोणासाठी?’

‘ग्लेनिसला लग्नाला जायला. लहानपणापासून तिला बिनछपराच्या गाडीतून कुठेतरी जायचंय. तुला सांगितलं नाही कधी?’

नाही सांगितलं. किंवा मी विचारलं नाही.

‘आणि चालवणार कोण?’

तो पुन्हा आरसा पुसायला लागला. ‘क्लबात पुष्कळ आहेत. टेरेन्स आहे. मिळेल कोणीतरी.’

टेरेन्स. ठीक आहे. टेरेन्स काळजीपूर्वक चालवतो. योग्य तोडगा आहे. मग घरी येताना इतकं चिडचिडायला का झालं?

२ ऑगस्ट, शनिवार

होज परत लावले. आज उलट केलं – मी पेडलवर, विल्फ चाकाशी. गुडघ्यांवर बसायला त्रास झाला त्याला, पण पाना हातात आल्यावर खूश.

‘दाब!’ – आता तोच ओरडायचा.

‘दाबलं.’

‘धर!’

‘धरलंय.’

‘खरंच धरलंयस ना? इथे लोक पत्रे दाबतात!’

मी इतकी हसले की पाय सुटता सुटता राहिला. चारही चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट. आई चहा घेऊन आली तर आम्ही दोघं जमिनीवर बसून हसतोय. ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. मग ट्रे ठेवून आत गेली. शहाणी आहे.

मला तो इमी म्हणाला. राहू दिलं.

१६ ऑगस्ट

पेटी आली. रबरी पट्ट्या लावल्या, आरसे लावले. गाडी आता हिवाळ्यात गुंडाळलेल्या म्हातारीसारखी दिसते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पास!!

टेरेन्सच्या ट्रेलरवर नेली. तपासनीस बारीक, टक्कल, तोंडात पुदिन्याची गोळी. जाड स्टीअरिंगकडे बघून म्हणाला, ‘हे आलं का परत.’ मग बॅटरी घेऊन खाली शिरला. त्याने विल्फला स्टीअरिंग वळवायला सांगितलं – डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. विल्फ सवयीने ओरडला, ‘पुढे सरका, पुढे सरका!’ मला वाटलं, आता नापास.

तपासनीस पुढच्या होजपाशी बराच वेळ थांबला. बोटाने ओळ तपासली, टोकापासून टोकापर्यंत. माझी पट्टी बघितली. काही न बोलता दुसऱ्या चाकाकडे गेला. त्यांच्यात यालाच शाबासकी म्हणतात. ब्रेकचा जोर मोजायच्या रोलरवर डावे-उजवे अगदी सारखे.

विल्फने टेरेन्सला मिठी मारली, तपासनिसाचा हात दोनदा हलवला. माझ्यासमोर आला आणि थांबला. मीच हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत धरला. बोटं त्याची शाबूत आहेत. घट्ट धरतो.

३० ऑगस्ट, शनिवार

पेटीतलं सगळं उतरवून परत भरलं, विल्फचं स्वतःचं स्टीअरिंग बसवलं. मग टेरेन्सच्या मापासाठी पेडल पुढे सरकवायला घेतले. त्या जिराफाचे पाय मावणार कसे? कंपनीच्या नकाशात पेडलांच्या तीन जागा आहेत. एकीत बोल्ट, दोन रिकाम्या, हवं तसं हलवा.

बोल्ट नाहीतच. वेल्ड आहे. पेडलांची बैठक सगळ्यात जवळच्या जागी वेल्ड करून टाकलीय. स्वच्छ, सलग, विल्फच्या हातचं. मागे नाही, पुढे नाही. त्या सीटवर बसून ते पेडल एकाच उंचीच्या माणसाला बरोबर लागतील.

रबरी मॅट उचलली. खाली पत्र्यावर खडूची रेघ अजून आहे, फिकट. मी बूट काढून बसले. टाचा नेमक्या रेघेवर.

विल्फ चहा घेऊन आला.

‘टेरेन्सचे पाय मावत नाहीत,’ मी म्हटलं.

‘मावत नाहीत? अरेरे!’ आणि चहाच्या कपात बघत राहिला.

‘वेल्ड केलंत.’

‘बोल्ट सैल पडतात.’

‘फेब्रुवारीत.’

‘फेब्रुवारीत थंडी फार होती, इमी. हात कापत होते. तरी बरा जमलाय ना सांधा?’

बरा नाही. उत्तम जमलाय. तसं सांगितलं.

फेब्रुवारीत मी त्याला आडनावाने, मिस्टर लावून हाक मारत होते.

६ सप्टेंबर

आईला शेजारी बसवून उतारावरून मागे काढली. चाक पूर्ण वळवून, कड उतरून. होज कुठेही लागला नाही. आईने स्कार्फ सोडून दिला आणि शाळेतल्या मुलीसारखी ओरडली. मी तिला सांगितलं, मागच्या रांगेत दुसरं कोणीतरी बसेल. ‘बरं,’ म्हणाली. या वेळी भांडी विसळायला कुठे जाणार होती?

१३ सप्टेंबर, सकाळ

गाडीत जागा दोनच. आई आणि मी.

विल्फ त्याच्या लग्नाला बसने येतोय. पास आहे ना त्याच्याकडे!